धोंड्याचं भाडं

हातात कुकर घेऊन जिन्यात अडलेला माणूस योगिनीनं त्याआधी कधी पाहिला नव्हता.

बाहेर भुरभुर पाऊस लागलेला. जिन्यातला दिवा नेहमीसारखा बंद. आणि वळणावर एक उंच मुलगा कुकर पोटाशी धरून त्याच्या झाकणाशी झटापट करत होता. योगिनी पहिल्या मजल्यावरून खाली निघाली होती, तिच्या हातात भाड्याचं पाकीट होतं. ती दोन पायऱ्या आधीच थांबली.

"काय करायलात हो?"

तो दचकला. "भाडं काढतोय."

"कुकरातून?"

"शिट्टी हरवलीय याची. डाळ शिजत नाही, मग आम्ही यात पैसे शिजत घालतो." एवढं बोलून तो स्वतःच लाजला. "म्हणजे… आम्ही तिघं तीन शिफ्टला असतो. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो आपला वाटा यात टाकतो, आणि ज्याचा नंबर असेल तो खाली नेऊन देतो. पण कुणीतरी घाईत झाकण भलतंच कोंबलंय."

योगिनीनं पाकीट दातांत धरलं आणि कुकर त्याच्या हातातून घेतला. आतून बसणारं झाकण होतं. तिनं ते आधी आत ढकललं, मग तिरपं केलं आणि अलगद बाहेर काढून त्याच्या हातात ठेवलं. तो झाकणाकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. अंधार असूनही त्याचं बघणं तिला कळलं… अशा गोष्टी अंधारातही कळतात.

आत तीन तऱ्हेच्या नोटा होत्या. काही ऑइलनं काळवंडलेल्या, काही चार घड्या घातलेल्या, आणि काही कोऱ्या, सरळ. ऑइलच्या नोटा काळेवाडीच्या गॅरेजात काम करणाऱ्या सोहेलच्या, घड्यांच्या नवनाथच्या, असं त्यानं न विचारताच सांगितलं.

"आणि सरळ तुमच्या? शिस्तीचे दिसताय."

"मी नाही हो. एटीएम शिस्तीचं आहे."

ती हसली. त्याचं नाव निरंजन, गाव सांगोला आणि नोकरी चाकणच्या कारखान्यात, हे खालच्या दारापर्यंत पोचेतो तिला कळलं. जिना तसा लहानच होता, पण दोघंही सावकाश उतरले.

रहाटणीतली ती तीन मजली इमारत इंदुताई आणि अर्जुनराव या नवरा-बायकोची. जिथं आज पार्किंग आहे तिथं त्यांची ज्वारी डुलायची. खाली ते दोघं, पहिल्या मजल्यावर नोकरीच्या मुली, दुसऱ्यावर नोकरीची मुलं, आणि सगळ्या जिन्याभर इंदुताईंचे कान. भाड्याचे त्यांचे दोन नियम होते. भाडं तिथीनं द्यायचं, दर शुद्ध पंचमीला. त्यासाठी पाडव्याला प्रत्येक फ्लॅटमध्ये त्या स्वतः दिनदर्शिका टांगून जात. आणि दुसरा नियम, भाडं एकाच हातानं आलं पाहिजे. पूर्वी भाडेकरू आपापला तुकडा वेगवेगळा आणून देत, आणि शेवटचा तुकडा कधीच येत नसे. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, तुम्ही वर आपसात काय करायचं ते करा, खाली एकानं यायचं, सगळं आणायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि वरच्या सगळ्यांची खुशाली सांगायची. मोबाइलवरून पाठवलेले पैसे त्यांना चालत नसत. त्या पैशाला खुशाली विचारता येत नाही ना.

मुलींच्या फ्लॅटनं याची घडी नीट बसवली होती. गॅलरीची खोली जिला, तिचा वाटा थोडा जास्त. पंचमीच्या आदल्या दिवशी दोघींनी जिचा नंबर तिला मोबाइलवर पैसे टाकायचे, आणि तिनं ते मशीनमधून काढून खाली न्यायचे. हिंगोलीची योगिनी, सोलापूरची नबीला आणि चिपळूणची विजयश्री. योगिनी ताथवड्याच्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात होती, विजयश्री दवाखान्यात नर्स होती आणि नबीला चष्म्याच्या दुकानात. इतरांना चष्मे लावणाऱ्या नबीलाला स्वतःला मात्र फार लांबचं दिसायचं, हे पुढं कळेलच.

त्या दिवशी मात्र इंदुताईंनी पाकिटाला हातच लावला नाही. कुकरालाही नाही.

"ह्या म्हैन्यात न्हाई घेत आमी. धोंड्याचा म्हैना हाय."

दोघं एकमेकांकडं बघू लागले. अधिक महिना लागलाय, हे दिनदर्शिकेत होतं, पण लक्षात कुणाच्या येतंय. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं आणि जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत दोघांनाही माहीत होती. तिचा भाड्याशी काय संबंध ते त्यांना कळेना.

"जावयाचं असतंय ह्या म्हैन्याचं," इंदुताई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या. "आमाला लेक न्हाई, जावय न्हाई. मग त्याच्या वाट्याला आमी कशाला हात लावू? न्या वर. वाटून घ्या."

अर्जुनराव दाराबाहेर बघत बसले होते. तेवढ्यात चहा आला आणि तो विषय तिथंच राहिला.

परतताना पहिल्या मजल्याशी दोघं थांबले. आता पैसे पुन्हा तीन ठिकाणी वाटायचे, या कामाबद्दल जेवढं बोलता येईल तेवढं बोलून झालं.

"पुढच्या पंचमीला तुमचाच नंबर आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही… नबीलाचा." ती थोडी थांबली. "म्हणजे, माझा असू शकतो. तुमचा?"

"माझाही नाही," तो म्हणाला. "म्हणजे, असू शकतो."

पुढची पंचमी नागपंचमी होती. योगिनीनं नबीलाचा नंबर आठवड्याच्या भांड्यांवर विकत घेतला. त्यापुढची ऋषिपंचमी. गणपतीत विजयश्री चिपळूणला गेली होती, तिचा नंबर असाच मिळाला, तरी परत आल्यावर बाथरूम धुण्याचं काम तिनं वसूल केलंच. कोजागिरीच्या आधीची पंचमी तिची स्वतःचीच होती, पण दिवाळीनंतरच्या पंचम्यांसाठी योगिनीनं चक्क गॅलरीची खोली सोडली. वाटा जास्त देऊनही ती मधल्या खोलीत झोपायला लागली, तेव्हा नबीला म्हणाली, "योगी, भाडं द्यायला एवढी उत्सुक पोरगी मी पहिल्यांदा बघतेय. घरमालक इतके देखणे आहेत का गं?"

"अर्जुनकाका? हो. मिशीत भारी दिसतात."

"मिशीत की कुकरात?"

योगिनीनं तिच्याकडं उशी भिरकावली.

ते दिवसच तसे होते. महिना म्हणजे फक्त पंचमी, बाकीची सगळी भरती. निरंजन कंपनीच्या बसनं यायचा, हातपाय धुऊन, केस ओले विंचरून कुकर घेऊन उतरायचा. योगिनी दाराआड कुकराच्या मुठीचा आवाज ऐकत उभी असायची आणि तो दारासमोर आला की योगायोगानं बाहेर पडायची. हा योगायोग कधी चुकला नाही. इंदुताई पंचमीप्रमाणे काही ना काही हातावर ठेवत, नागपंचमीला पुरणाचे दिंड, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी, दिवाळीनंतरच्या पंचमीला करंजी. मग वर जाताना दर दोन पायऱ्यांवर गप्पा. तो तिच्या "करायलात"ची नक्कल करायचा. ती त्याला "कुकरवाले" म्हणायची. त्याची आई सांगोल्याला एकटी राहते, घराचे पत्रे गळतात, पुढच्या पावसाच्या आत ते बदलायचे आहेत आणि त्यासाठी तो दर महिन्याला पैसे पाठवतो, हे त्यानं सांगितलं. कॉलेजमधल्या प्रवेशाच्या धावपळीत पोरांच्या आया रांगेत उभ्या राहून कशा रडतात, ते तिनं सांगितलं. महत्त्वाचं असं दोघंही काही बोलले नाहीत. अहो-जाहोच्या पुढं गाडी सरकली नाही.

पौषातल्या पंचमीला मात्र तिला काहीतरी खटकलं. इंदुताईंनी कुकर उघडला तेव्हा याही वेळी सगळ्याच नोटा कोऱ्या आणि सरळ निघाल्या. ऑइलचा वास नाही, चार घड्या नाहीत.

"सोहेलभाई सुधारले वाटतं," ती जिन्यात म्हणाली.

"हां… आता सगळ्यांनीच एटीएम धरलंय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. डोळ्यांखाली काळं आलं होतं. शर्ट खांद्यावरून घसरत होता. तिनं विचारलं तर म्हणाला, ओव्हरटाइम चालू आहे.

थोड्याच दिवसांनी तिची गाडी काळेवाडीत पंक्चर झाली. ढकलत ढकलत ती जवळच्या गॅरेजपाशी गेली तर चाकाशी बसलेला माणूस ओळखीचा निघाला. सोहेलनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपल्या लग्नाची मिठाईही खाऊ घातली. दिवाळीतच निकाह झाला होता. रहाटणीचा फ्लॅट त्यानं तेव्हाच सोडला होता. नवनाथची बदली झाली, तोही त्याच सुमाराला गेला. चाकणच्या पोरांना आता चाकणलाच स्वस्तात खोल्या मिळतात, रहाटणीपर्यंत कोण येतंय, असं तो म्हणाला. पण निरंजनला दोन नवीन पोरं मिळाली म्हणे, बरं झालं.

योगिनी हातातला चहा तसाच धरून बसली. वरच्या मजल्याच्या दाराबाहेर किती दिवस झाले, एकच चपलेचा जोड असतो. हे गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना तिला रोज दिसत होतं, आणि तरी दिसलं नव्हतं.

माघातली पंचमी म्हणजे वसंत पंचमी. त्या वर्षी ती नेमकी इंग्रजी प्रेमाच्या दिवशी आली होती. नबीलानं सकाळी दात घासतानाच हे जाहीर केलं आणि योगिनीच्या केसांत स्वतःच्या हातानं पिवळं शेवंतीचं फूल खोचलं. योगिनीला मात्र हसू येत नव्हतं. निरंजन स्वतःला झिजवून हे चालवतोय, हे तिला कळलं होतं. ते थांबवायचं तर त्याला इथून जा म्हणावं लागणार होतं. आणि तो गेला तर पंचमी संपणार होती. दोन्हीकडून आपलाच जीव जाणार, मग बोलावं तरी कसं, हे तिला दिवसभर सुचलं नाही.

त्या संध्याकाळी इंदुताईंच्या घरी चहा पिता पिता निरंजनचा डोळा लागला. कप हातात, बशी गुडघ्यावर, आणि मान भिंतीला. इंदुताईंनी हलकेच कप काढून घेतला, योगिनीकडं बघितलं आणि आत निघून गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं. जिन्याभर कान असलेल्या बाईला वर किती पावलं वाजतात ते कळणार नाही तर कुणाला.

जिन्याच्या वळणावर, जिथं झाकण अडलं होतं तिथंच, योगिनी थांबली.

"नवीन पोरं कशी आहेत तुमची?"

"शांत आहेत," तो म्हणाला. "त्रास नाही काही."

"माणसं असली तर त्रास होईल ना."

त्यानं रिकामा कुकर या हातातून त्या हातात घेतला. "सोहेल भेटला वाटतं."

"तिघांचं भाडं एकट्यानं? दिवाळीपासून? आणि आईला काय सांगितलंत?"

"ओव्हरटाइम बंद आहे म्हणून सांगितलं."

"आणि पत्रे?"

तो खाली बघत राहिला. "पावसाला अजून वेळ आहे."

"पण का? चाकणला खोली मिळते, बसचा त्रास वाचतो. इथं काय ठेवलंय?"

"पंचमी," तो म्हणाला. इतक्या हळू की तिला वाटलं, आपणच मनात म्हणालो. "चाकणला गेलो असतो तर इथं काय कारण सांगून आलो असतो? मी कोण तुमचा? भाडं हातात असलं की… येता येतं."

योगिनीला राग आला. खूप राग आला, आणि त्या रागातच डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, आणि इतकं वेड्यासारखं वागतो. आणि ते वेड आपल्यासाठी आहे.

"उद्याच्या उद्या फ्लॅट सोड," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. चेहरा एकदम उतरला. "बरं," म्हणाला आणि वर जायला वळला.

"अरे, ऐकून तर घे." तिनं कुकराची मूठ धरली. एक मूठ त्याच्या हातात, एक तिच्या. "सोड, चाकणला जा, आईचे पत्रे घाल. आणि दर पंचमीला ये. भाडं नसलं तरी ये."

तो परत तिच्याकडं वळला.

"मी पण काही कमी येडी नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "माझा नंबर नसला की दर वेळी दुसरीचा घेतलाय मी. भांडी घासलीत, बाथरूम धुतलंय, गॅलरीची खोली गेलीय माझी. थंडीत रोज नबीलाचं घोरणं ऐकून झोपायलेय, ते काय काकूंच्या चहासाठी?"

तो हसायला लागला. मग हसता हसता त्याला बोलताच येईना. "झोपायलेय," एवढंच तिच्या बोलीत म्हणाला, आणि तिची बोटं जिथं होती तिथं, मुठीवर, आपला हात ठेवला. ती तू म्हणायला लागल्याचं दोघांच्याही आता लक्षात आलं होतं.

खालून इंदुताईंचा आवाज आला. त्या नवऱ्याला सांगत होत्या, "दार लोटा म्हणते मी. बोलू द्या की पोरांना."

फाल्गुनातल्या पंचमीला निरंजन आला. चाकणहून, दोन बस बदलून, हातात तोच कुकर. रिकाम्या हातानं यायची सवय नाही म्हणाला. कुकराला नवी शिट्टी बसवली होती. त्या दिवशी पहिल्या मजल्यावर डाळ शिजली, आणि शिट्टी झाली तशी नबीलानं टाळ्या वाजवल्या. पावसाच्या आत सांगोल्याचे पत्रे बदलले. त्यानंतरच्या मार्गशीर्षात हिंगोलीला लग्न झालं, तेव्हा योगिनीच्या आईशेजारी इंदुताई नऊवारी नेसून उभ्या होत्या, आणि अर्जुनरावांचा फेटा सगळ्यात उंच होता.

आता दोघं पिंपळे गुरवला राहतात. दोन खोल्यांचं घर, मालक परदेशात, त्याला दोघांनीही कधी पाहिलेलं नाही. एक तारखेला कुणीतरी एक जण अर्ध्या झोपेत मोबाइलवर अंगठा ठेवतो, टिंग वाजतं आणि भाडं जातं. निम्मे तुझे, निम्मे माझे, हिशेबाला कुठं खोट नाही. पण चहा मिळत नाही, कुणी खुशाली विचारत नाही. योगिनीला अजून दिनदर्शिकेत आधी शुद्ध पंचमी बघायची सवय आहे. सापडली की ती उगीच थोडा वेळ तिथं बोट ठेवून उभी राहते. मग कुकराची शिट्टी होते आणि ती आत जाते.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला, या वेळी ऐन उन्हाळ्यात ज्येष्ठात. हिंगोलीचं बोलावणं पुढच्या रविवारचं होतं. त्याआधीच इंदुताईंचा फोन आला. "पंचमीला दोघं जेवाया या," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

तीच इमारत, तोच जिना. जिन्यातला दिवा आता लागत होता, ते योगिनीला जरा आवडलं नाही. खाली पाट मांडलेले, भोवती रांगोळी. इंदुताईंनी निरंजनला आयुष्यात पहिल्यांदा "या जावयबापू" म्हटलं आणि तो गोंधळून मागं बघायला लागला, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि शेजारी तांब्याच्या ताम्हनात अनारसे, त्यांच्यावर लावलेला दिवा. अर्जुनराव पंख्याचं तोंड सारखं निरंजनकडं वळवत होते.

जेवणं होत आली तेव्हा नबीला उतरली. ती अजून पहिल्या मजल्यावरच होती, सोबतीला दोन नव्या मुली. या पंचमीचा नंबर तिचा होता. येताना हात हलवत आली आणि वासावर थेट अनारशांपाशी बसली.

"भाडं?" इंदुताईंनी विचारलं.

"काय काकू, चेष्टा करता. धोंड्याचं कुठं घेता तुम्ही?"

"तवा आमाला जावय नव्हता," इंदुताई म्हणाल्या. "आता हाय."

नबीलानं इंदुताईंकडं पाहिलं, मग निरंजनकडं, मग कपाळावर हात मारला आणि उठली. वर गेली, दोघींकडून पैसे घेऊन खाली आली आणि सगळं एकाच हातानं इंदुताईंच्या हातावर ठेवलं.

"भाऊजी, कुकर घेऊन जिन्यात उभे राहिलात तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "हे प्रकरण मलाच महागात पडणार होतं."

इंदुताईंनी पैसे मोजले नाहीत. तसेच नेऊन ताम्हनाशेजारी, निरंजनसमोर ठेवले. तो उठायला लागला, नको नको म्हणायला लागला, तर त्यांनी खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"तुमचंच हाय हे. आमचं कधीच नव्हतं. तीन-तीन वर्सांनी यायचं आन् घेणारं कुणी न्हाई म्हणून तसंच वर जायचं." त्या नबीलाकडं वळल्या. "बस गं तूबी. माज्या लेकीची मैतरीण हायेस, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

अर्जुनराव उपरण्यानं तोंड पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. माझ्या लेकीची, हे शब्द योगिनीनं या घरात कधी ऐकले नव्हते. कुणीच ऐकले नसतील. तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. तिनं पाटाच्या कडेनं हात सरकवून निरंजनचा हात धरला. मग दुसऱ्या हातानं ताम्हनातला एक अनारसा उचलला, मोडला आणि अर्धा नबीलाच्या हातात दिला.